वाडग्यावरचे तीन ओरखडे

मित्रांनो, दिघीच्या खाडीजवळ एक घर आहे. त्या घराच्या ओटीवरच्या काचेच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर मी बसलेला असतो. मी कापीव काचेचा जुना वाडगा आहे. माझ्या अंगावर तारे कोरलेले आहेत आणि एका बाजूला तीन ओरखडे आहेत. पाहुणे आधी ताऱ्यांकडे पाहतात, मग ओरखड्यांकडे, आणि हळूच विचारतात, "ही बाजू भिंतीकडे का नाही वळवली?" आज तेच तुम्हांला सांगतो.

माझा जन्म दूर देशातला. वाळू वितळवून मला घडवले आणि एका कारागिराने फिरत्या चाकावर धरून माझ्यावर तारे कापले. पुढे मी मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यात आलो. तिथे हरेश्वर नावाचे बटलर होते. ते मला कोमट पाण्याने धूत आणि मऊ फडक्याने पुसत. सन १९४७ मध्ये साहेब मायदेशी निघाला, तेव्हा मडमेने काचेची एक पेटीच हरेश्वरांना देऊन टाकली. तिच्यात सहा पेले, दोन तबकड्या, एक सुरई, एक अत्तराची कुपी आणि मी, असे आम्ही अकरा जण पेंढ्यात गुंडाळून बसलो होतो.

आगरदांड्याहून होडीने खाडी ओलांडताना हरेश्वरांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"काय हो बटलर, नवी नवरी आणलीव काय?" होडीवाला हसला.

"नवरी आपली आपण बसली असती रे. हिला धरायला लागतं!"

घरी दोन जावा होत्या. थोरली सगुणा, धाकटी मनुबाई. मनुबाई म्हणजे हरेश्वरांची बायको. थोरलीला ती 'बाय' म्हणायची. मनुबाईने पेंढा बाजूला सारून मला उजेडात धरले, तेव्हा माझ्यातून निघालेले रंग तिच्या लुगड्यावर पडले. तिने मला फिरवून फिरवून ते रंग पदरावर नाचवले. मग म्हणाली, "हे पेटीत ठेवायचं न्हाय. हे गौरीपुढं मांडायचं."

पण घरात देवाचे सारे सगुणाबाईंच्या हाती होते. त्यांचा नियम कडक. दोन वर्षे त्यांनी काचेला देवापुढे येऊ दिले नाही. तिसऱ्या वर्षी मनुबाईने पुन्हा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "राखेनं घासल्याबिगर देवापुढं भांडं येत न्हाय, मने. पितळ असू दे न्हायतर तुझी काच असू दे."

"मग मी धुते, बाय."

"तुझं धुणं म्हंजे मांजराची आंघोळ! आण इकडं."

आणि त्यांनी चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला, आणि पितळी तांब्या घासावा तसे मला घासले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, मित्रांनो. देवाच्या कामात कसूर नको, एवढेच होते. पण मला धुऊन उन्हात धरले, तर माझी एक बाजू धुरकट झाली होती आणि राखेतल्या खड्यांनी तिच्यावर तीन खोल ओरखडे उमटले होते. तारे दिसेनात. आरपार पाहावे, तर धुकेच. बाकीचे दहा जण घासायचे राहिले होते, म्हणून वाचले.

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. पण बोलणे उतरले नाही. "असली नाजूक भांडी देवाला कशाला? कोंबड्यांच्या पाण्याला ठेव आता."

हरेश्वर मुंबईतल्या नव्या नोकरीतून रजा काढून गणपतीला घरी आले होते. ते म्हणाले, "जाऊ दे गो. मुंबैहून दुसरा आणीन."

"दुसरा नको," मनुबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पुढच्या गौरीला हाच वाडगा वरच्या पायरीवर बसंल. न्हायतर एकबी काच मांडायची न्हाय."

म्हणजे आता माझ्या एकट्याच्या उजळण्यावर आम्हां अकरा जणांची आरास अवलंबून होती.

गौरींचे विसर्जन झाल्यावर ती खाडी ओलांडून मुरूडला सोनाराकडे गेली. दत्तात्रेय सोनारांनी मला उलटसुलट करून पाहिले. "बाई, दागिन्याला उजळा द्यायची तांबडी काव देतो. पिठासारखी बारीक असते. ओल्या फडक्यावर घ्यायची आणि हलक्या हाताने घासायची. पण काच कठीण असते हो. एका दिवसाचं काम नव्हे. वर्ष लागेल."

"मला वर्षच हाय," मनुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. सकाळी तुळशीला पाणी घालायचे, मग मला मांडीवर घ्यायचे, आणि एक माळ जप होईपर्यंत फडक्याने गोल गोल घासायचे. ते झाल्याशिवाय चहाचा घोट नाही. भात कापणीला आला, तेव्हा ती पहाटे लवकर उठली, पण नेम चुकला नाही. लावणीच्या दिवसांत चिखलाने तिची बोटे चिरली होती. तरी फडके माझ्यावर फिरतच राहिले.

"देव सोडून वाडगा पुजतेस व्हय?" सगुणाबाई येता-जाता टोमणा मारत.

"वाडगा हातात हाय, बाय. तोंडात नाव देवाचंच हाय."

दिवाळीला माझ्यावरचा एक तारा दिसू लागला. होळीला चार. मग श्रावणात, गौरी तीन आठवड्यांवर आल्या असताना, मनुबाईला ताप भरला. चार दिवस ती घोंगडी पांघरून पडून होती. मी कोनाड्यात होतो. मला वाटले, संपला नेम.

पण पहिल्याच सकाळी मला एका हाताने उचलले. तो हात मी ओळखला. खरबरीत, जोरकस, राख आणि काथ्या धरणारा तोच हात. सगुणाबाई मला घेऊन मागील दारी बसल्या. त्यांनी फडके ओले केले, त्यावर काव घेतली आणि मला घासू लागल्या. इतक्या हळू, की जणू मी तान्हे बाळ होतो. ओठ हलत होते. चारही दिवस त्यांनी माळ पुरी केली आणि मगच चहा घेतला.

पाचव्या दिवशी मनुबाई भिंतीला धरून उठली. "माझा नेम मोडला," म्हणत कोनाड्यापाशी आली. फडके हातात घेतले. ते अजून ओले होते. तिने वळून पाहिले. सगुणाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या नखांत तांबडे भरले होते.

मनुबाई भिंतीला टेकली. मला घेऊन बसली आणि त्या दिवसाची माळ सुरू केली.

गौरीचा दिवस आला. पाटांवर पाट रचून तिने पायऱ्या केल्या, त्यांवर पांढरी चादर अंथरली. पेले, तबकड्या, सुरई, कुपी. आणि वरच्या पायरीवर पाण्याने भरलेला मी. माझे सारे तारे परत आले होते. फक्त तीन ओरखडे फार खोल होते, ते गेलेच नाहीत. मनुबाईने ती बाजू हळूच भिंतीकडे वळवली. माझ्यासाठी नव्हे, हे मला कळले. बायका येणार होत्या, विचारणार होत्या, आणि बायला मान खाली घालावी लागली असती.

सगुणाबाई तेरड्याची फुले घेऊन आल्या. फुले माझ्यात सोडता सोडता थांबल्या. मग दोन्ही हातांनी धरून त्यांनी मला वळवले. ओरखडे पुढे आले.

"बाय, कशाला?"

"माझ्या हातचं हाय ते. दिसू दे. कुणी विचारलं, तर मीच सांगीन, काचेला राख लावू नका गो म्हणून."

मग त्यांनी स्वतः दोन समया लावल्या. मित्रांनो, आमच्या अकरा जणांत त्या दोन ज्योतींच्या किती ज्योती झाल्या, ते मोजायला कुणाला जमले नाही. ओरखड्यांतही तीन बारीक रेघा उजळल्या.

आता १९६५ साल आहे. हरेश्वर नोकरी सोडून घरी आले आणि त्यांनी हे कपाट करून घेतले. घरात नवी सून आली, की सगुणाबाई आधी तिला माझ्यापुढे उभी करतात, मग कामाला लावतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी असेल. त्याला हात लावण्याआधी विचारा, याला काय सोसते? पितळेला जे मानवते ते काचेला मानवत नाही. आणि चुकून ओरखडा उमटलाच, तर त्याला कोंबड्यांपुढे टाकू नका. फडके ओले करा आणि रोज थोडे घासत बसा. मी वर्षभर वाट पाहिली. तुमच्या घरचा वाडगाही पाहील.