दोन बाटल्यांचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. तुमच्यातल्या काहींनी माझ्यासारखं कार्ड पाहिलंही नसेल. मी करंगळीच्या नखाएवढा आहे, रंगाने काळा, आणि पाठीवर माझ्या आठ पिवळ्या पट्ट्या आहेत. खाली पडलो तर कुणीतरी केराबरोबर मला झाडून टाकील, ही धास्ती मला पहिल्यापासून आहे. स्वभावच माझा काळजीखोर. पण माझी हकीकत ऐकल्यावर तुम्ही मला भित्रा म्हणणार नाही, असं वाटतं.

माझा जन्म कुठल्यातरी दूरदेशच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात काही भरलेलंच नव्हतं. माझी पहिली आठवण राळेगावच्या एसटी स्टँडसमोरच्या जमीरच्या दुकानातली आहे. जमीर मोबाइल दुरुस्त करायचा आणि कार्डं भरून द्यायचा. फोनवरचं इंटरनेट तेव्हा महाग आणि इतकं हळू होतं की एक गाणं उतरेपर्यंत माणूस जेवून यायचा. म्हणून लोक बाजाराच्या दिवशी कार्ड घेऊन जमीरकडे यायचे आणि तो आपल्या कॉम्प्युटरवरून त्यात गाणी भरून द्यायचा. कुणाला भीमगीतं हवी असायची, कुणाला कव्वाल्या, कुणाला लग्नात वाजवायची गाणी. काही जण यादी लिहून आणायचे आणि काही जण दुकानातच गाणं गुणगुणून दाखवायचे.

त्याच दुकानात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती पाहिली. एका माणसाने मुलीच्या लग्नाचे फोटो कार्डात ठेवले होते. एके दिवशी फोनच्या पडद्यावर प्रश्न आला, ‘कार्ड खराब आहे. फॉरमॅट करायचं का?’ त्याने ‘हो’ दाबलं. फॉरमॅट म्हणजे कार्ड पुसून कोरं करणं, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं? सगळं लग्न पुसून गेलं. जमीर नंतर कितीतरी वेळ हळहळत होता. फोनने काहीही विचारलं की माणसं ‘हो’ दाबतात, ‘नाही’ दाबलं तर फोन बंद पडेल असं त्यांना वाटतं, हे त्याचं म्हणणं मी कधी विसरलो नाही.

मला विकत घेतलं ते धर्मपालने. धर्मपाल जवळच्याच गावचा, कपाशीवर औषध फवारायच्या कामाला रोजाने जायचा. पाठीवर पंप, खिशात फोन आणि फोनमध्ये मी. दिवसभर गाणी चालू असायची. बांधावर जेवायला बसले की बाकीचे मजूर त्याला म्हणायचे, अरे तेच लाव, मघाचं. जयंतीच्या मिरवणुकीत एकदा लाउडस्पीकरवाल्याचं कार्ड बिघडलं तेव्हा मला काढून त्याच्या यंत्रात घातलं होतं, आणि सबंध गाव माझ्यातल्या गाण्यांवर नाचलं. त्या दिवशी मी फार चढून गेलो होतो. खोटं कशाला सांगू.

पुढे नेट स्वस्त झालं. धर्मपालनेही जुना का होईना, एक टचचा फोन घेतला. आता कुठलंही गाणं बोट लावलं की वाजायचं. जमीरच्या दुकानातली रांग संपली आणि तो फोनला काचा बसवू लागला. धर्मपालची मुलगी प्रियंका यवतमाळला कॉलेजात शिकत होती. सुट्टीत आली की ती माझ्यातल्या गाण्यांना हसायची. मला राग यायचा, पण हसून झाल्यावर तिने एक काम चांगलं केलं. फोनची स्वतःची जागा भरली होती, म्हणून यापुढचे फोटो माझ्यात साठतील अशी तिने सोय करून दिली. शिवाय शेतात रेंज नव्हती. तिथे गाणी ऐकायची तर माझ्याशिवाय इलाज नव्हता.

धर्मपालला फोटोंचा शौक नव्हता. तो फोटो काढायचा बाटल्यांचे. औषधांची नावं इंग्रजीत, तीही लांबलचक. शेताचे मालक विठ्ठलराव म्हणायचे, मागच्या खेपेला आणलं तेच आण. मग धर्मपाल कृषी केंद्रात जाऊन फोन पुढे करायचा आणि दुकानदार फोटो पाहून बाटली द्यायचा. एवढ्यासाठीच प्रत्येक नवी बाटली फोडली की तो आधी तिचा फोटो काढायचा. रिकामी बाटली बांधावर कचऱ्याबरोबर जाळून टाकायची सगळ्यांचीच रीत होती. जनावराच्या नाहीतर पोराच्या हाती लागू नये म्हणून.

आता त्या वर्षाचं सांगतो. ते कपाशीचं फार वाईट वर्ष होतं. बोंडात गुलाबी अळी शिरली होती आणि कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि औषधाचं धुकं परत तोंडावर यायचं. आसपासच्या गावांतून फवारणारी माणसं आजारी पडल्याच्या बातम्या फोनवर येत होत्या. धर्मपाल त्या ऐकायचा आणि रुमाल नाकावर थोडा वर ओढायचा. मला आतल्या आत चैन पडत नव्हती. पण मी सांगणार कसा?

त्या दिवशी दुकानदाराने नेहमीच्या बाटलीबरोबर एक वेगळी बाटली दिली होती. हे नवीन आलं आहे, त्याच्यातच मिसळा, असं त्याने सांगितलं होतं. धर्मपालने दोन्ही बाटल्या औषध कालवायच्या ड्रमच्या काठावर उभ्या केल्या आणि फोटो काढला. मग दोन्ही ओतल्या आणि विठ्ठलरावांच्या गड्याने रिकाम्या बाटल्या जाळून टाकल्या.

दुपारी पंप भरायला तो वाकला आणि फोन खिशातून ड्रममध्ये पडला. मित्रांनो, पुढचं सांगताना मला आजही अपराधी वाटतं. धर्मपालने कसलाही विचार न करता खांद्यापर्यंत हात औषधात घातला आणि तळातून फोन काढला. त्याची बायको रुखमाबाई शेजारच्या ओळीत निंदत होती. ती धावत आली.

“कायले हात घातला त्याच्यात?”

“गाणे हायेत न त्याच्यात,” तो म्हणाला. त्याने हात आणि फोन सदऱ्याला पुसले आणि पंप पुन्हा पाठीवर घेतला. फोन बंद पडला होता.

आणखी दोन पंप मारल्यावर त्याला घेरी आली. ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ येऊ लागली, आणि मले दिसून नाई राह्यलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. ऑटोतून राळेगावला आणि तिथून अँब्युलन्सने त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रुखमाबाईने बंद फोन पदराच्या गाठीत बांधून घेतला होता. मी त्या गाठीत होतो आणि औषधाचा चिकट थर माझ्या पट्ट्यांवर वाळत चालला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासता तपासता पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध फवारत होते? रुखमाबाईला सांगता आलं नाही. कॉलेजातून प्रियंका धावत आली, तिलाही माहीत नव्हतं. तिने विठ्ठलरावांना फोन केला. ते म्हणाले, एक नेहमीचं होतं आणि दुसरं दुकानदाराने दिलं. नेहमीच्याचं नावही त्यांना आठवेना. गिऱ्हाइकं आजारी पडू लागल्याचं कळताच त्या दुपारीच दुकानदार शटर ओढून निघून गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. बाटल्यांची तर राख झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं बघून इलाज चालू केला आहे, पण नाव कळलं तर नेमकं काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही ते ठरवता येईल. धर्मपालचा श्वास तेव्हा घरघरत होता.

प्रियंकाला अचानक बाटल्यांचे फोटो आठवले. तिने आईच्या पदराची गाठ सोडली, फोनचं झाकण काढलं आणि मला बाहेर ओढलं. तिचा स्वतःचा फोन साधा बटणांचा होता, त्यात कार्डाला जागाच नव्हती. शेजारच्या खाटेवर दिग्रसकडच्या तांड्यावरचा एक माणूस होता, तोही फवारणीतूनच आलेला. त्याचा थोरला भाऊ देवसिंग उशाशी बसला होता. देवसिंगकडे नवा कोरा मोठा फोन होता. प्रियंकाने विचारायच्या आधीच त्याने तो पुढे केला आणि स्वतः मला आत सरकवलं.

पडद्यावर प्रश्न आला, ‘कार्ड खराब आहे. फॉरमॅट करायचं का?’

देवसिंगचा अंगठा ‘हो’वर गेला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्याला मदत करायची होती, आणि फोनने विचारलं की हो म्हणायचं, एवढंच त्याला माहीत होतं. मी आत थिजून गेलो. गाण्यांचं मला त्या घटकेला काही वाटलं नाही. माझ्यातला तो शेवटचा फोटो तेवढा राहावा, एवढंच मी मनात म्हणत होतो. प्रियंकाने त्याचं मनगट धरलं.

“थांबा भाऊ. काई दाबू नका.”

तिने आपल्या फोनवरून जमीरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“घाई नको करू, बेटा,” तो म्हणाला. “कार्ड बाहेर काढ. खोडरबर भेटते का पाह्य. त्या पिवळ्या पट्ट्या हलक्या हातानं घास, जोर नको लावू.”

खोडरबर तिच्या दप्तरातच होतं. रुखमाबाईने मला लेकीच्या ओढणीच्या टोकावर दोन बोटांनी दाबून धरलं आणि प्रियंकाने घासलं. चिकट थर थोडा निघाला. मला पुन्हा आत घातलं. पुन्हा तोच प्रश्न. देवसिंगने या वेळी दोन्ही हात मागे घेतले. प्रियंकाने मला परत काढलं, पुन्हा घासलं, पुसलं, फुंकर मारली. तिसऱ्या खेपेला पडद्यावर फोटो उमटू लागले आणि सगळ्यात शेवटी त्या दोन बाटल्या दिसल्या. एका बाटलीवर धर्मपालच्या बोटाची सावली पडली होती, तरी नाव वाचता येत होतं.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून दोन्ही नावं लिहून घेतली. एका औषधावर उतारा होता. दुसऱ्यावर नव्हता, पण त्यात काय टाळायचं ते त्यांना कळलं. धर्मपाल वाचला, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. चौथ्या दिवशी त्याने रुखमाबाईला आवाजावरून ओळखलं. दिसायला लागायला त्याला दोन आठवडे गेले, आणि उजव्या डोळ्याने त्याला अजून नीट दिसत नाही.

लोकांनी माझं फार कौतुक केलं. जमीरने तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली. पण मला ते कौतुक गोड लागलं नाही, कारण त्या दिवशी डॉक्टर नावं लिहून वळले आणि त्यांनी देवसिंगला तोच प्रश्न विचारला. तुमच्या भावाने कोणतं औषध फवारलं? देवसिंगने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. मी अजून त्या फोनमध्येच होतो.

“बाई,” तो प्रियंकाला म्हणाला, “माह्या भावाची बाटली हाये का पाह्य ना याच्यात.”

राळेगावच्या शेतातल्या फोटोंत दिग्रसकडची बाटली कशी असेल? प्रियंकाला ते कळत होतं. तरी ती नाही म्हणाली नाही. तिने फोन त्याच्यासमोर धरला आणि पहिल्या फोटोपासून एकेक सरकवू लागली. शेळी, तिचं बारावीचं प्रमाणपत्र, निळ्या लुगड्यातली रुखमाबाई, आणि मग बाटल्या. प्रत्येक बाटलीपाशी देवसिंग थांबवायचा, मोठी करायला लावायचा, आणि मान हलवायचा. डॉक्टरही थांबले होते. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी दाखवलं. त्याला हवं होतं ते माझ्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवसिंगचा भाऊ गेला आणि ती खाट रिकामी झाली. देवसिंगने जाताना धर्मपालच्या पायाशी क्षणभर हात ठेवला, मला फोनमधून काढून प्रियंकाच्या हातात दिलं आणि तो निघाला. संध्याकाळच्या आत त्या खाटेवर दुसरा फवारणारा आला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारलं, कोणतं औषध होतं?

“पांढरं होतं जी,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरचं किंवा शेजारचं कुणी फवारणीला जात असेल, तर बाटली जळायच्या आधी तिचा फोटो काढायला लावा, पुढून आणि मागूनही. फोन नसेल तर नाव वहीत उतरवून घ्या, अक्षर कसंही आलं तरी चालेल. उद्यावर टाकू नका. आज घरी गेल्यावर आधी ते विचारा.