नववी ‘ब’चा हजेरीपट आणि व्हॅन्डल लोक

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे. कराडच्या एका शाळेत नववी ‘ब’ची हजेरी माझ्यावर लागायची. आज मी टोकियोत, ओजिमातल्या एका सातव्या मजल्यावरच्या घरात, सुतळीने बांधून दाराशी पडलो आहे. उद्या सकाळी रद्दीची गाडी येईल.

माझे मालक लक्ष्मण सर इतिहास शिकवत. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. एकदा नयना माने नावाच्या मुलीच्या हातून वर्गातला पृथ्वीचा गोल फुटला. सर तेव्हा व्हॅन्डल टोळीने केलेली रोमची लूट शिकवत होते. ते ओरडले, “व्हॅन्डल आहेस नुसती!” वर्ग खो खो हसला. मग तेच नाव तिला चिकटलं. मैदानात, नळावर, एस.टी. स्टँडवर, जिथे जाईल तिथे. डिसेंबरपासून तिच्या नावापुढे माझ्यात फक्त गैरहजेरी आहे. तिने शाळाच सोडली.

शाळेने जुने पट जाळायला काढले तेव्हा सरांनी मला घरी आणलं. त्यांना तिची माफी मागायची होती. पण सर ते सर! आधी व्हॅन्डल लोकांचा पुरता छडा लावायचा, मगच पत्र लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. माझ्या कोऱ्या पानांवर टिपणं सुरू झाली. कुणी म्हणे, या जर्मानिक टोळीच्या नावाचा अर्थ ‘भटके’. कुणी ते स्वीडनमधल्या एका ठिकाणाशी जोडी. नक्की कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी रोम लुटलं हे खरं, पण लुटणारे ते एकटे नव्हते. ‘नासधूस करणारे’ हा अर्थ त्यांच्या नावाला हजार-बाराशे वर्षांनी चिकटला. तेव्हा उलट उत्तर द्यायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

बायको गेल्यावर सर मुलाकडे, ओजिमाला आले. सून अरुणा म्हणायची, “बाबा, नयनाचा पत्ता मिळालाय ना? मग दोन ओळी लिहून टाका की!”

“अजून एक रेफरन्स बघायचाय,” सर म्हणायचे. मला भारी राग यायचा. पण हजेरीपटाचं कोण ऐकतं?

गेल्या रविवारी कराडहून फोन आला. नयना मार्चमध्ये कॅन्सरने गेली. मग सरांनी स्वतःच मला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातलं. नात ओवीने मला ओढून काढलं, पानं उलटली. “योमेनाई,” ती म्हणाली. म्हणजे, वाचता येत नाही.

“बाबा, हे का टाकताय?” अरुणाने विचारलं.

“जिने वाचायचं, तीच नाही आता,” सर म्हणाले आणि सुतळीची गाठ मारू लागले. ती दोनदा सुटली, शेवटी गाठ अरुणानेच मारली.

मित्रांनो, कुणाला दुखावलंत तर पुरावे गोळा करत बसू नका. त्याच दिवशी जा आणि सांगा. माझी साठ पानं भरली आहेत, पण ‘नयना, माझं चुकलं’ ही ओळ त्यांत कुठेच नाही.