नऊ दिवस न मानलेले उपकार

"आधी उपकार, मग घास. आणि कालचा उपकार आज चालायचा नाही हं. देव काय बहिरा आहे, तेच तेच परत सांगायला?"

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी ताटं मांडली की तिला हा आवाज ऐकू यायचा. नियम घरात टिकून होता. जेवणाआधी प्रत्येकाने दिवसातली एक नवी गोष्ट शोधायची आणि तिच्याबद्दल देवबापाचे उपकार मानायचे. सूट एकट्या तिच्या नवऱ्याला. तो दोराच्या पाळण्यात बसून कारखान्यांची उंच धुराडी रंगवायचा. त्याचं पहिलं वाक्य रोज तेच असे, आज सुखरूप खाली आणलंस. हे मात्र रोज नवंच असतं गं, असं सासूबाईच म्हणायच्या.

वर गेला की माणूस आभाळाचा, खाली आला की घराचा. मधला सगळा वेळ ती शिलाईयंत्रावर वाकलेली आणि कान दाराकडे.

नऊ दिवसांपूर्वी ते वाक्य गळलं. विसरला असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशीही गळलं. मग त्याने मिठाचे उपकार मानले, शेजारच्या म्हाताऱ्याच्या बऱ्या झालेल्या गुडघ्याचे मानले, एकदा तर चपलेच्या नव्या अंगठ्याचे. बाबांचे उपकार संपत आले वाटतं, असा लेकीने टोमणा मारला. तो हसला, पण घास हातातच राहिला.

तिने विचारलं नाही. नाव घेतलं की भीती पाट मांडून घरातच बसेल, असं तिला वाटे. शिवाय सासूबाई सांगून गेल्या होत्या, देवाने दिलंय त्यात समाधान मानावं, कुरकुर करू नये. भीती म्हणजे कुरकुरच की. म्हणून ती गप्प राहिली आणि त्यालाच समाधान म्हणत राहिली.

दर रविवारी उपासनेहून आलं की ती त्याचा दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा तपासायची, सैल झालेला टाका नव्याने घालायची. या रविवारी तो म्हणाला, मी बघितलाय, राहू दे. आज तो आंघोळीला गेला तशी तिने त्याची पिशवी उघडली.

कडीजवळ तिची बारीक, पांढरी शिवण नव्हती. उसवलेल्या भोकांतून जाड काळा दोरा ओढलेला, वर ओबडधोबड गाठी. बाजूला पट्टा ताणून फाटायला आलेला. इथे एक अख्खा माणूस लोंबकळला होता. आणि सुटलेली शिवण तिची होती. त्याने लपवलं होतं ते तिच्यापासून, तिच्यासाठीच.

उद्या मुकादमाने त्याला सगळ्यात उंच धुराड्यावर बोलावलं होतं.

जेवायला बसले. गणिताच्या बाई आल्या नाहीत म्हणून लेकीने उपकार मानले, आणि बाईंना फार बरं नसेल तर बरं कर, असंही घाईघाईने जोडलं. त्याने वाऱ्याच्या झुळकेचे मानले. मग तिची पाळी आली. तिने डोळे मिटले.

"प्रभू," ती म्हणाली, "माझी शिवण उसवली, तरी माणूस घरी आला. याचे उपकार नऊ दिवस राहून गेलेत."

वाढलेल्या भातावरची वाफ विरत गेली. लेक एकदा आईकडे बघे, एकदा बाबांकडे. तो आपल्या नखांतला रंग खरवडत राहिला.

"अगं, शिवणीचं काही नाही," तो अखेर म्हणाला. "पाळणाच एका बाजूने सुटला. एवढ्या हिसक्याला काय टिकणार? शेवटचे दोन टाके टिकले, त्यांनीच धरलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"सुखरूप खाली आणलंस म्हटलं, की उद्या परत वर जायचं आलंच."

त्याने पुन्हा हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत, तिच्याकडेच होते.

"देवबापा, त्या दिवशी सुखरूप खाली आणलंस. आता खालीच राहू दे. भिंती रंगवीन, कुंपणं रंगवीन, मिळेल तेवढ्यात भागवू. पण वर नको. मला भीती वाटते."