पाय मोकळे

मी चपला-बूट दुरुस्त करतो. माणूस किती चालतो, हे मला तळ बघून कळतं. म्हणूनच हिच्या चपला उलट्या केल्या आणि मला घाम फुटला.

ही जाऊन दोन महिने झाले होते. लेक म्हणाली, "बाबा, आईच्या बाहेरच्या चपला कुणाला तरी देऊन टाका." द्यायच्या आधी एखादा टाका घालावा म्हणून हातात घेतल्या, तर टाच जराही झिजलेली नाही.

दर बुधवारी दुपारी ही म्हणायची, "जरा पाय मोकळे करून येते." वर्षभर फिरायला जाणाऱ्या बाईची टाच अशी राहत नाही. शिवाय आत बोटांच्या जागी तेलाचे डाग होते. आणि परत यायची ती खुशीत. माझ्याकडे बघून उगाचच हसायची, तेही आता आठवलं.

डोक्यात नको ते शिरलं. गेलेल्या माणसाला विचारणार तरी कसं?

बुधवार आला तसा दुकान बंद करून, चपला पिशवीत घालून निघालो. कोपऱ्यावर शिंपी बसतो. ओळख जुनी, पण हा माणूस बायकांशी जरा जास्तच गोड बोलतो.

"आमची ही बुधवारी इथून कुठे जायची रे?"

त्याने मशीन थांबवलं नाही. "मला काय विचारतोस? मी काय पहाऱ्याला बसलोय?"

"तुला माहीत आहे."

"पिशवीत काय आहे?"

"चपला."

"मला हाणायला?" तो हसला. मग माझं तोंड बघून त्याने मशीन थांबवलं. "समोरचा जिना चढून जा. पण तुला कळू द्यायचं नाही, असं वहिनींनी बजावलं होतं."

माझे कान तापले. जिना चढलो, दार ढकललं. आत एक जाडजूड बाई, दोन खुर्च्या आणि खुर्च्यांपुढे पाण्याचे टब.

"काका, इथे फक्त बायकांचं असतं."

मी चपला पुढे धरल्या. तिने लगेच ओळखल्या. "अगंबाई, ताईंच्या! आहेत कुठे त्या?"

मी सांगितलं. तिने चपला माझ्या हातून घेतल्या.

ही दर बुधवारी इथे गरम पाण्यात पाय सोडून बसायची. मग तेल लावून घ्यायची. एका वेळच्या भाजीइतके पैसे व्हायचे.

"म्हणायच्या, सहा दिवस हे पाय घराचे, आज माझे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणायच्या, आमचे हे दिवसभर जगाचे पाय सांभाळतात. त्यांना कळलं तर घरी येऊन माझेही चेपत बसतील."

मी तरी विचारलंच, "एकटीच यायची?"

"एकट्याच हो. ही खिडकीजवळची खुर्ची त्यांची." तिने डोळे पुसले. "बसा. आज कुणी गिऱ्हाईक नाही."

"पाण्यात काय घातलंय?"

"मीठ."

"नुसतं मीठ?"

"काका, किती तो संशय!"

मी बूट काढले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, दुपारी दुकान बंद होतं म्हणे. कुठे गेला होतात?"

"जरा पाय मोकळे करून आलो."

 ती हळूच म्हणाली, "एकटेच?"