लाल टोपण

सकाळी मेहुण्यानं लोडर चालू करून पुढे घेताच चाकांवरचा डावा पट्टा ढिम्म राहिला, उजवा एकटाच फिरला आणि मशीन गर्रकन खोल खड्ड्याच्या काठावर आलं.

"बंद कर!" मी त्याच्यावर ओरडलो. तो खाली उतरला.

"लावलीस ना पट्ट्याच्या मोटरची वाट?"

"दाजी, काल तुम्हीच तेलाचा पाइप बदललात. एकदा तो बघा."

"मला शिकवू नकोस!"

तरी प्रेशर उतरवून मी पाइप सोडला. त्याच्या तोंडात प्लास्टिकचं लाल टोपण होतं. धूळ जाऊ नये म्हणून मीच ते लावलं होतं आणि काढायला विसरलो होतो. ज्या तेलाच्या दाबावर मोटर फिरते, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मेहुणा खड्ड्यात बघत होता.

"आत गेलो असतो, तर ताईला काय सांगितलं असतं, दाजी? मीच मोटरची वाट लावली म्हणून?"