रावसाहेबांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी काचपेटी आहे. चारी बाजूंना काच, तळाला आणि कडांना लाकूड, वर जाळीचे झाकण. सुताराने मला दुकानात बिस्किटे ठेवण्यासाठी बनवले होते, पण बिस्किटे माझ्या नशिबात नव्हती. माझ्यात राहायला आला एक सरडा.

त्याचे नाव रावसाहेब. घरातल्या लेकीने ते ठेवले, कारण माझ्यात लावलेल्या उबेच्या दिव्याखाली मान उंच करून तो तासन्‌तास बसे आणि जेवण समोर आल्याशिवाय जागचा हलत नसे. नाकतोडा दिसला की मात्र सगळा रुबाब कुठल्या कुठे पळे. लेक रोज माझ्या काचा पुसायची, वाटीतले पाणी बदलायची. पाहुणे म्हणायचे, "पेटी कशी लख्ख ठेवली आहे." मी मनातून फुगून जायचे. स्तुती कोणाला आवडत नाही?

लेकीची आई घरीच लोकरी कपडे रफू करायची. सुरुवातीला तिला रावसाहेबांची किळस वाटे. "तुझं ध्यान तू सांभाळ, मी त्याच्या वाटेला जाणार नाही," असे तिने लेकीला बजावले होते. पण लेक कॉलेजला गेली की घरात हे दोघेच उरत. हळूहळू आई सुईत दोरा ओवता ओवता गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी त्याला सांगू लागली. तो डोळा मिटायचा आणि तिला वाटायचे, याला पटले.

मग एक फांदी आली. लेकीच्या मैत्रिणीकडे पाळलेला साप होता, त्याच्या पेटीतली ती फांदी. लेकीने ती न धुताच माझ्यात ठेवली. थोड्याच दिवसांत माझ्या सांध्यांतून काहीतरी वळवळू लागले. खसखशीएवढे काळे किडे होते ते. रावसाहेबांच्या पापण्यांच्या कडेला आणि काखेत चिकटून ते रक्त पीत होते. वाटीच्या पाण्यात मेलेल्या किड्यांचे ठिपके तरंगत होते. रावसाहेबांनी अन्न सोडले. ते पाहून लेकीच्या अंगावर काटा आला.

"दुपारी आले की लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेते," असे सांगून ती कॉलेजला गेली.

आईला दुपारपर्यंत धीर निघेना. लोकरीला कसर लागली की डांबरगोळ्या ठेवायच्या आणि कपाट घट्ट बंद करायचे, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. तिने कापडाची पुरचुंडी शिवली, तिच्यात गोळ्या भरल्या आणि ती फांदीखाली सरकवली. "थांब हं बाळा, आता एकही किडा राहायचा नाही," असे म्हणत तिने माझ्या जाळीवर जाड टॉवेल पसरला.

मित्रांनो, मी हादरले. आतल्या दिव्याच्या उबेने तो उग्र वास चढतच गेला आणि बाहेर जायला वाट नव्हती. रावसाहेबांनी आधी तोंड वासले, मग माझ्या काचेवर पंजे मारले. आईला वाटले, औषध लागू पडतेय. मग पंजे थांबले. मी हे सगळे चारी बाजूंनी पाहत होते आणि मला साधा तडासुद्धा जाता जात नव्हता.

लेक आली, तिने टॉवेल उचलला. रावसाहेबांचा लोळागोळा झाला होता. तिने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"पेटीत काही फवारलंय का?" फोनमधून आवाज आला.

"नाही, काहीच नाही." डांबरगोळ्यांचा वास तिच्या लेखी आईच्या लोकरीचा, घरातला नेहमीचाच होता.

"नीट आठवून सांगा. कारण कळल्याशिवाय मी काय उपचार करणार?"

दारात आई उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी ठेवल्या," ती म्हणाली. "डांबरगोळ्या."

लेक तिच्याकडे वळली. "आई, तू?"

"कपड्यांना चालतात ना गं," आई म्हणाली.

"त्याला आधी मोकळ्या हवेत काढा आणि तसेच इकडे घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रावसाहेब वाचले, पण थोडक्यात. पुष्कळ दिवस ते दवाखान्यात होते. किडेही तिथल्या औषधाने गेले. आता ते प्लास्टिकच्या साध्या डब्यात राहतात. तळाला कागद असतो, तो आईच रोज बदलते आणि वाटीतले पाणी उजेडात धरून ठिपके शोधते. मला उकळत्या पाण्याने घासले, उन्हात ठेवले. काच स्वच्छ निघाली, पण लाकडात मुरलेला वास निघाला नाही. म्हणून मी गॅलरीत रिकामी पडून आहे.

मित्रांनो, आईला नावे ठेवू नका. तिची माया कुठेच कमी पडली नाही, आणि मला धक्का बसतो तो याचाच. पाळलेल्या जिवाच्या घरात बाहेरची वस्तू न धुता ठेवू नका. किडे दिसले तर जाणत्याला विचारा आणि तोवर हात आवरा. कपाटाला जे चालते ते श्वास घेणाऱ्याला चालेलच असे नाही.

आई अजून अधूनमधून गॅलरीत येते. माझ्यात डोके घालून खोल श्वास घेते.

"गेला का गं वास?" लेक आतून विचारते.

"नाही अजून," आई म्हणते, आणि माझे झाकण उघडेच ठेवून आत जाते.