सहा किलोंचा घोळ

जहाजावर सगळे मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे काकडीबाई. मला त्याचा राग नाही, कारण उभी हयात मी समुद्रकाकडीवरच घालवली आहे. ही भाजी नव्हे, खोल समुद्राच्या तळाशी चिखल खात फिरणारा प्राणी. माझी जी लाडकी जात आहे ती तळावरून उठून चक्क पोहते, असं मी कधीपासून सांगते आहे. पण जाळ्यातून वर येईपर्यंत तिचा लगदा होतो, आणि बाटलीतला लगदा काही पोहून दाखवत नाही. परिषदांमध्ये लोक माझं ऐकून घेतात आणि चहाला उठतात.

मला ती जिवंत बघायची होती. निवृत्तीआधीची माझी ही शेवटची मोहीम आणि मोहिमेतली ही शेवटची बुडी. पाणबुडी म्हणजे जेमतेम दोन माणसं मावतील एवढा गोळा. एक शास्त्रज्ञ आणि एक चालक. चालक कोण, तर माझा जावई; आधीच्या बुड्या दुसऱ्या चालकाच्या, सुट्टीनंतरची याची ही पहिलीच.

मुलगा गुणी आहे, प्रश्नच नाही. पण लग्नाला वर्ष झालं तरी लेकीला फोनवर विचारावं, "कसं चाललंय गं?" तर ती म्हणते, "बरं चाललंय." बरं म्हणजे काय? नवरा निम्मं वर्ष समुद्रावर, ही दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढत बसलेली. आईच्या जिवाला घोर लागणारच.

पाणबुडीत मोरी नसते, त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून माझा चहा बंद होता आणि सकाळी डोकं आधीच तडकलेलं होतं. त्यात ते वजन! खाली जाणाऱ्यांचं वजन करून त्या हिशोबाने पाणबुडीला लोखंडी पाट्या लावतात. डेक सांभाळणारे दादा काटा मांडून उभेच होते. मी बुटांसकट, स्वेटरसकट चढले. आकडा बघून तोंड वाकडं केलं, पण चढले.

"आणि तुमचं?" दादांनी जावयाला विचारलं.

"नेहमीचंच," तो म्हणाला आणि झाकण उघडायला गेला.

झाकण लागेपर्यंत मी मॅडम होते, लागल्यावर आई झाले. "आई, पाय इकडे घ्या. आई, त्या बटणाला हात नको." घरी माझ्यासमोर मान वर न करणारा हा मुलगा इथे बिनधास्त हुकूम सोडत होता. मीही निमूट ऐकलं. बाहेर निळं पाणी काळं झालं, मग अगदी काळंकुट्ट झालं.

तळ आला. उतरण्यापुरत्या लावलेल्या पाट्या त्याने सोडल्या. आता आम्ही हातभर वर तरंगायला हवं होतं. त्याऐवजी पाणबुडीने चिखलात म्हशीसारखं बस्तान मांडलं. त्याने पंखे फिरवून उठवायचा प्रयत्न केला, तर एवढा गाळ उडाला की खिडकीत तपकिरी रंगाशिवाय काही दिसेना.

"आपण जड झालोय," तो म्हणाला. "पाच-सहा किलोंनी."

मग जरा घुटमळला आणि अगदी अदबीने म्हणाला, "आई, सकाळी काटा... नीट स्थिर झाला होता ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जावईबापू, बुटांसकट चढले होते मी!"

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

"समुद्राच्या तळाशी कुणी सहज विचारत नाही!"

मग त्याने समजावून सांगितलं. उरलेल्या पाट्या वर जाण्यासाठीच्या, मोठ्या. त्यातली एक जरी सोडली तरी पाणबुडी थेट वर जाणार, आणि मग परत खाली येणं नाही. इतकी वर्षं वाट बघून शेवटी खिडकीतला गाळ बघून घरी जायचं?

तेवढ्यात पुढच्या यांत्रिक हाताकडे माझं लक्ष गेलं. त्याने नमुन्यांची पोलादी पेटी धरली होती.

"ही इथे ठेवली तर?"

तो चमकला. "मग काकडी वर नेणार कशात?"

आजवर मी नेतच तर आले होते. माझ्या प्रयोगशाळेत भिंतभर बाटल्या आहेत आणि एकीतही काकडी म्हणावी असं काही नाही.

"नाही न्यायची," मी म्हणाले. "मी बघायला आलेय. पेटी पुढच्या मोहिमेत उचला."

त्याने पेटी हळूच खाली ठेवली. पाणबुडी उठली. गाळ बसला, आम्ही पुढे सरकलो, बराच वेळ नुसता ओसाड चिखल. आणि मग ती दिसली. लालसर, काचेसारखी आरपार, पोटातला चिखलसुद्धा दिसत होता. ती तळावरून उठली. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगावा तशी तिची किनार फुगली, आणि ती आमच्या दिव्यासमोरून पोहत गेली. खरोखर पोहत गेली!

"कॅमेरा चालू आहे ना?" मी खिडकीला नाक चिकटवूनच विचारलं.

"केव्हाचा," तो म्हणाला आणि मला रुमाल दिला. मी मनसोक्त रडले. इतका आनंद मला झेपतच नव्हता.

वर आल्यावर दादांनी पेटी कुठे म्हणून विचारलं आणि जड झाल्याचं कळताच सगळ्या डेकने माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने काट्यावर चढले. वजन सकाळइतकंच भरलं. मग जावयाकडे बोट केलं.

तो चढला. नेहमीपेक्षा बरोब्बर सहा किलो जास्त.

"अहो, लग्न मानवलंय तुम्हाला!" दादा ओरडले आणि हशा पिकला. त्याचे कान लाल झाले.

"सुट्टीत दोन महिने घरी होतो ना," तो मला म्हणाला. "संध्याकाळी दोघं मिळून स्वयंपाक करतो. मग गप्पा मारत बसतो आणि... खातच राहतो. चुकलंच माझं, आई. माझ्यामुळे तुमचा नमुना गेला."

मला तर त्या काट्याचा मुका घ्यावासा वाटला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "काय गं आई, आणलीस का काकडी?"

"नाही. तिथेच पोहतेय मजेत. तुझ्या नवऱ्याच्या सहा किलोंपायी वाचली."

सगळी हकिकत ऐकून ती खिदळायलाच लागली, तिचं हसू थांबेना. थांबल्यावर मी विचारलं, "कसं चाललंय गं?"

"बरं चाललंय."

"दिसलं मला," मी म्हणाले आणि चहाचा तिसरा कप भरून घेतला.